दारावरची पाळी

मुकादम कधी वर येत नाही. आमचं काम पाडकामाचं. जुनी इमारत वरून खाली पाडत यायची. आधी दारं-खिडक्यांच्या चौकटी काढायच्या, मग भिंती, मग स्लॅब. जिना सगळ्यात शेवटी, कारण उतरायचं त्यानेच असतं. वर धुळीत शेजारचा माणूस दिसत नाही, म्हणून मुकादम खालूनच ओरडतो. त्या दिवशी तो तोंडाला रुमाल बांधून चौथ्या मजल्यावर आला आणि माझ्या हातातला घण त्याने स्वतः काढून घेतला.

"खाली चल," तो म्हणाला.

"भिंत अर्धी राहिलीय."

"राहू दे. तुझ्या घरचं आहे."

त्याने मला स्कूटरवर मागे बसवलं. आमच्या गल्लीचं वळण आलं आणि गेलं, स्कूटर वळली नाही. मी त्याला विचारलं नाही. दोन गल्ल्या पुढे नळवाल्याची खोली होती. तिथे माणसं जमली होती. पायरीवर शिंपीकाका बसले होते. मापाची पट्टी गळ्यात तशीच होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, तेव्हा मला कळलं.

दार पोलिसांनी तोडलं होतं. माझी बायको खाट आणि मोरी यांच्या मधे पडली होती. डोक्याची उजवी बाजू आत गेली होती. रक्त मोरीच्या कठड्यापर्यंत गेलं होतं आणि तिथे दारूच्या वासात मिसळलं होतं, कारण बाटली तिने मोरीत ओतली होती. नळ फिरवायचा मोठा पाना खाटेखाली होता. त्याच्या दातांत केस अडकले होते. तिचे केस.

नळवाला खाटेवर बसला होता. हातात पाण्याचा पेला. मला म्हणाला, "दादा, मघापासून पाणी देतोय वहिनीला. पीतच नाहीयेत."

मी त्याच्या तोंडावर बुक्की मारली. पेला त्याच्या दातांवर फुटला. दुसरी मारली तेव्हा माझ्या बोटांत काच गेली, ते मला नंतर दिसलं. तो हात वर करत नव्हता. मी खाली वाकून पाना उचलला, तेवढ्यात एक पोलीस माझ्या पाठीवर पडला आणि दुसऱ्याने गुडघा मानेवर ठेवला. माझं तोंड फरशीला लागलं. बायकोचा पाय माझ्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होता. चप्पल घातलेली होती. ती आत येऊन बसलीसुद्धा नव्हती.

हे कसं झालं ते समजायला आमच्या मंडळींची रीत माहीत हवी.

मी प्यायचो. तेव्हाचं सगळं सांगत बसत नाही, ते ज्यांच्या घरी झालं त्यांना ठाऊक आहे आणि ज्यांच्या घरी झालं नाही त्यांना सांगून कळणार नाही. शिंपीकाकांच्या दुकानामागे एक खोली आहे. संध्याकाळी शिलाई मशिनी भिंतीला सरकवून तिथे आमच्यासारखे बसतात. काका स्वतः पूर्वी प्यायचे, आणि इतके की ग्राहकाच्या कोटाला तीन बाह्या शिवल्या होत्या असं तेच सांगतात. सुरुवातीला सगळे तळवे उघडे ठेवून बसतात आणि म्हणतात, "जे माझ्या हातात नाही ते तुझ्या हातात." कोणाच्या, ते ज्याचं त्याने ठरवायचं. काका म्हणायचे, वरच्याच्या. मी पहिल्या दिवशी म्हणालो, "काका, आमच्या धंद्यात वरचा म्हणजे डोक्यावर विटा टाकणारा." सगळे हसले. काका म्हणाले, "मग तर तुला त्याच्याकडे लक्ष ठेवायची सवय आहेच की." त्या दिवसापासून माझं नाव घण्या पडलं.

नवीन माणसाला एक जुना माणूस नेमून देतात. नव्याचं मन दारूकडे ओढलं की त्याने जुन्याला फोन करायचा, आणि जुन्याने जिथे असेल तिथून जायचं. पण एकट्याने नाही. दोघांनी. हा नियम पक्का, कारण तडफडणारा माणूस काय करेल त्याचा नेम नसतो. नळवाला माझ्याकडे नेमलेला होता. मी पाडकामावर फोन नेत नाही, धुळीने निकामी होतो. म्हणून फोन घरी असायचा आणि दिवसा बायकोच उचलायची. तिला ते छान जमायचं. एकदा एकाने तिला फोनवर सांगितलं, "मी आज जीव देणार." ती म्हणाली, "भाऊ, उद्या द्या. आज मी कपडे भिजवलेत, मला यायला वेळ नाही." तो माणूस अजून जिवंत आहे आणि ही गोष्ट तोच सगळ्यांना सांगतो.

त्या दिवशी नळवाल्याचा फोन आला की बाटली आणलीय, अजून उघडली नाही. तिने शिंपीकाकांना कळवलं. काका म्हणाले, "निघालोच. कोपऱ्यावर थांब, मी आल्याशिवाय आत जाऊ नकोस." ती कोपऱ्यावर थांबलीही. मग तिने नळवाल्याला परत फोन लावला असणार, आणि तो म्हणाला असणार की आता उघडतो. ती गेली. तिने बाटली हिसकून घेतली आणि ओतली. आमच्यातला कोणीही सांगेल, बाटली हिसकायची नसते. बसायचं असतं फक्त. तिलाही माहीत होतं. पण कोणी डोळ्यांसमोर उघडायला लागला की हात पुढे जातो. काका पोचले तेव्हा दाराला आतून कडी होती.

तिला अग्नी दिला त्या दिवशी मी काकांचा गळा धरला. म्हातारा माणूस, मान माझ्या एका पंजात मावली. "निघालोच म्हणजे काय?" मी विचारत होतो. "निघालोच म्हणजे काय, सांगा." त्यांचे डोळे बाहेर आले तरी त्यांनी माझे हात धरले नाहीत. मेव्हण्याने मला ओढून काढलं.

मेव्हणा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. ट्रक चालवतो. तिने त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवला होता, आई गेल्यावर तीच त्याची आई. तो माझ्याकडेच राहायला आला. येताना बाटली घेऊन आला आणि स्वतःपुरतीच ओतायचा, एवढं भान त्याला होतं.

"भाऊजी, तुम्हाला देत नाही," तो म्हणायचा. "ताईने शपथ घातलीय असं समजा. पण त्याला सोडणार नाही हे वचन तुम्ही मला द्या."

"दिलं," मी म्हणालो.

आणि मी प्यायलो नाही. लोकांना वाटलं, बायको गेली तरी माणूस टिकून आहे, काय श्रद्धा आहे. श्रद्धा कसली. प्यायलो असतो तर हात थरथरला असता, आणि मला हात स्थिर हवा होता. सकाळी उठलो की मी नळवाल्याचं डोकं मनात फोडायचो आणि मग तोंड धुवायचो. कामावर घण मारताना त्याच्या बरगड्या मोडायचो. मुकादम म्हणाला, "दोघांचं काम एकटा करतोयस, जरा दमाने घे." घरी एकदा कपाटाचं दार अडकलं तर मी ते बिजागरीसकट उपटलं आणि कपाट लाथेने मोडलं. तिच्या साड्या त्यात होत्या, त्यांवर आरशाच्या काचा पडल्या. मेव्हणा दारात उभा राहून बघत होता.

"मोडा," तो म्हणाला. "आत ठेवू नका काही."

काकांकडे मी जातच राहिलो. न जाऊन कुठे जाणार होतो. गळा धरल्याचं त्यांनी कधी काढलं नाही, फक्त काही दिवस उपरणं गुंडाळून बसायचे. एकदा म्हणाले, "तू पीत नाहीस, पण सोडलेलंही काही नाहीस. एका हातातलं दुसऱ्या हातात घेतलंयस."

"मग?"

"मग काही नाही. माझ्याही हातात आहेच की. कोपऱ्यावर थांब म्हणालो, आणि मशिनीवरची शिलाई पुरी करून निघालो. अर्ध्या बाहीची."

मला त्या क्षणी त्यांना परत धरावंसं वाटलं. मी उठून बाहेर गेलो.

नळवाल्याच्या वकिलाने रागाच्या भरात झालं असं मांडलं आणि खटला उभा राहीपर्यंत त्याला जामीन मिळाला. ही बातमी मेव्हण्याने आणली. त्याच आठवड्यात दारावरची पाळी माझ्याकडे येत होती.

ही पाळी आम्ही आळीपाळीने करतो. दारात उभं राहायचं, येईल त्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, "आलास, बरं झालं." नवीन असेल किंवा घसरून परत आलेला असेल, तर त्याला दाराजवळच्या बाकावर आपल्या शेजारी बसवायचं आणि हात धरून ठेवायचा. तो हात त्याने सोडवायचा, आपण नाही. कोणी लगेच सोडवतो, कोणी शेवटपर्यंत धरून असतो. आणि दारावरच्याने कोणालाही परत पाठवायचं नाही, हेही आलं.

"पाळी तुझी आहे," काका म्हणाले. "नको असेल तर मी उभा राहतो."

"राहतो मी," मी म्हणालो.

मी आणि मेव्हण्याने ठरवलं होतं. नळवाल्याची खोली मालकाने काढून घेतली होती आणि त्याला माणसं नव्हती, तो इथेच येणार. आला की मी त्याला बाकावर बसवणार. बैठक संपली की हात धरून बाहेर आणणार, मेव्हणा ट्रक घेऊन उभा असणार. मग आम्ही पाडत असलेल्या इमारतीवर. पाडकामात माणूस पडतो, त्याचं कोणाला नवल वाटत नाही.

तो आला तेव्हा उजेड होता. वाळला होता. पुढचे दात नव्हते, ते माझ्यामुळे. त्याने दारात हात पुढे केला आणि मी तो धरला.

"आलास, बरं झालं," मी म्हणालो. हे वाक्य मी इतक्या मनापासून कधी म्हटलं नव्हतं.

आत कोणी हललं नाही. एक जण खुर्चीवरून उठला होता तो तसाच उभा राहिला. काकांनी त्याला खूण केली, बस. सगळ्यांनी तळवे उघडले. आम्ही दोघं बाकावर बसलो, माझ्या उजव्या हातात त्याचा डावा हात. पाणी लागून लागून नळवाल्यांच्या बोटांना भेगा पडतात, त्याही मला लागत होत्या. बैठक सुरू झाली. कोणीतरी आपलं सांगत होतं. नळवाला माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलायला लागला.

"दादा, बाहेर ट्रक बघितला मी. वहिनींचे भाऊ आहेत ना?"

मी दाराकडे पाहिलं.

"मी तयार आहे. आज प्यायलो नाही. शुद्धीत मरायचं म्हणून प्यायलो नाही. मी स्वतःला सोडून दिलंय दादा, वरच्याच्या हातात. त्याने तुमच्या हातात दिलंय. संपलं की घेऊन चला."

मी त्याची बोटं आवळली. आवळत गेलो. घण मारणाऱ्याची पकड आहे. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकावर एक चढलं आणि आत काहीतरी मोडलं. मला ते हातात जाणवलं. त्याचं अंग ताठ झालं, कपाळावर घाम आला, तोंडातून फक्त हवा बाहेर पडली. हात त्याने सोडवला नाही.

"अजून," तो म्हणाला. "दादा, चालेल."

आणि तिथे माझं बिनसलं. हा आवाज मी ओळखत होतो. मी स्वतः या आवाजात दुकानाच्या फळीवर हात ठेवून मागितलेलं आहे. द्या, एकच द्या, म्हणजे संपेल. सगळं संपवणारा तो एक घोट. हा माणूस शरण वगैरे आलेला नव्हता. हा मागायला आला होता, आणि दुकानदार मी होतो. मी दिलं तर त्याचं सुटणार होतं. त्याला उद्या सकाळी उठून काय केलं ते आठवायला लागणार नव्हतं. आणि मला लागणार होतं.

मला त्याची दया आली असं नाही. राग इंचभर कमी झाला नव्हता. उलट वाटलं, हरामखोरा, तुला हे फुकट मिळणार नाही.

"तोंड बंद कर," मी म्हणालो. "इथेच बसायचं."

"आणि नंतर?"

"नंतरही बसायचं."

तेव्हा तो पहिल्यांदा रडला. मोडलेल्या बोटांसाठी रडला नव्हता.

बैठक संपली. खुर्च्या सरकल्या. मी उठलो नाही. एरवी लोक आमच्या समोरून बाहेर जायचे, पण त्या दिवशी कोणी गेलं नाही. काका मशीन सरकवायला उठले आणि तिथेच थांबले. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला, मग पुन्हा, लांब. मग ट्रकचं दार आपटलं.

मेव्हणा आत आला तो टायर खोलायची लोखंडी पहार घेऊन. प्यायलेला होता. वास दारातूनच आला.

"भाऊजी, उठा," तो म्हणाला.

"घरी जा."

"उठा म्हणतोय. आणा त्याला."

"नाही आणत."

मी परक्या भाषेत बोललो असल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर खाली आमच्या हातांवर गेली. बहिणीला मारणाऱ्याचा हात मी धरला होता.

"हात धरलाय," तो म्हणाला. "ताईचं डोकं फोडलं तो हात धरून बसलायत तुम्ही."

त्याने पहार उचलली. नळवाला उभा राहिला आणि त्याने मान पुढे केली. खरंच पुढे केली, वाकून, जागा करून दिल्यासारखी. मी त्याला त्याच्या मोडक्या बोटांना धरूनच खाली ओढलं. तो किंचाळला आणि माझ्या मांडीवर पडला. मी डावा हात वर केला. पहार कोपराखाली बसली. आवाज आला तो मी रोज ऐकतो, कोरडी फळी मोडल्याचा. दुसरा घाव खांद्यावर बसला. मी नळवाल्याला बाकाखाली ढकललं आणि त्याच्यावर पडलो. माझ्या उजव्या हातात त्याचा हात होता, आणि मी सोडत नव्हतो म्हणून मला मारता येत नव्हतं. मी लाथा मारल्या. एक मेव्हण्याच्या गुडघ्यावर बसली, तो भिंतीला लावलेल्या मशिनीवर कोसळला, मशीन त्याच्या अंगावर आली आणि त्याची भुवई फाटली. तो रक्ताने आंधळा होऊनही उठला.

"बाजूला व्हा, भाऊजी. तुम्हाला मारायचं नाहीये मला."

"मग नको मारू."

"ताई ऐकून घेईल का हे? सांगा ना. तिला काय सांगू मी?"

त्याने पुन्हा पहार उचलली, पाठीत मारली, आणि माझा श्वास गेला. तेवढ्यात काका मधे आले. पाच फुटांचा म्हातारा. त्यांनी पहार अडवली नाही. त्यांनी मेव्हण्याचा दुसरा हात धरला, मोकळा हात, आणि म्हणाले, "आलास, बरं झालं."

मेव्हण्याने त्यांना झटकलं. ते मशिनीवर आपटले, ओठ फुटला, पण हात त्यांनी सोडला नव्हता. लोंबकळत होते अक्षरशः. मग बाकीचेही आले. कोणी पाय धरले, कोणी कंबर. त्याने एकाच्या नाकावर डोकं मारलं, एकाच्या मनगटाला चावला. शेवटी सहा माणसं घेऊन तो खाली बसला आणि "ताई, ताई" करत राहिला. पहार कोणी घेतली मला माहीत नाही.

माझा डावा हात दोन ठिकाणी मोडला होता. खांद्याचं हाड निसटलं होतं. इस्पितळातल्या डॉक्टरने विचारलं कसं झालं, मी म्हणालो, पाडकाम. नळवाल्यानेही बोटांबद्दल विचारल्यावर पाडकामच सांगितलं. डॉक्टरने दोघांकडे पाहिलं आणि तेच लिहून घेतलं.

तिथे बाकड्यावर काका माझ्याशेजारी बसले. ओठाला टाके पडले होते, बोलताना शब्द सांडत होते.

"एक राहिलंय," ते म्हणाले. "स्वतःसाठी रोज जे मागतोस, आजचा दिवस न पिता जाऊ दे म्हणून, ते त्याच्यासाठी माग."

"तुमचं डोकं फिरलंय."

"मनातून येऊ दे असं म्हणत नाही. नुसतं तोंडाने म्हण. शिव्या घालत म्हण."

"तुम्ही म्हणता?"

"त्याच्यासाठी म्हणतो. माझ्यासाठी म्हणायचं अजून जमत नाही."

नळवाला आता काकांच्या दुकानात मागे झोपतो. खटला उभा राहील तेव्हा तो केलं म्हणून सांगणार आहे, वकील नको म्हणतो. मी साक्ष देणार आहे आणि पाहिलं तेवढं सगळं सांगणार आहे, दातांत अडकलेल्या केसांसकट. त्याला जास्तीत जास्त शिक्षा व्हावी असं मला वाटतं. बैठकीत तो समोरच्या रांगेत बसतो आणि मला त्याची मान दिसते.

मेव्हणा माझ्याशी बोलत नाही. त्याने माझं घर सोडलं. जाताना मोडक्या कपाटातल्या ताईच्या साड्या झटकून, काचा वेचून, घडी घालून खाटेवर ठेवल्या, हे मी कामावरून आलो तेव्हा दिसलं. तो अजून पितो. त्याच्या दोन सोबतीच्या ड्रायव्हरांना मी काकांचं दुकान कुठे आहे ते सांगून ठेवलंय.

मी प्यायलेलो नाही. हात जुळून आला आहे, पण थंडीत दुखतो. मुकादमाने मला अजून घण दिलेला नाही, चौकटी काढायला ठेवलंय. रोज संध्याकाळी सगळ्यांबरोबर तळवे उघडतो आणि माझ्यासाठी मागतो ते मागतो. मग थांबतो. काका एका डोळ्याने बघत असतात. मी तोंड उघडतो, त्याच्यासाठी म्हणायला, आणि शब्द येत नाही. शिवीही येत नाही.

त्याच्यासाठी मागणं माझ्याकडून अजून झालेलं नाही.